उंदराचा सातबारा

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या धान्यबाजारात सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की दुकानदाराचं नाक डोळ्यांच्या आधी कामाला लागतं. कुरतडलेलं पोतं सापडायला थप्पी हलवावी लागते, लेंड्या दिसायला कोपऱ्यात बॅटरी मारावी लागते, पण रात्रभर कोंडलेल्या हवेत तो ठरावीक उग्र दर्प आला की पोती उचलायला आलेला हमालही सांगून जातो, "उंदरं लई झाल्यात बघा." हे निदान सहसा चुकत नाही. त्या दर्पात कुठंतरी शिळ्या मासळीची आठवण असते आणि तिला कारणही आहे. मासळी उतरायला लागली की ट्रायमिथाइलअमाइन नावाचं द्रव्य सुटतं. घरातल्या छोट्या उंदराच्या, विशेषतः प्रौढ नराच्या मूत्रात तेच द्रव्य भरपूर असतं. उंदरांना या वासाची ओढ असते; त्यांच्याच कुळातला, इंग्रजीत ज्याला रॅट म्हणतात तो मोठा उंदीर मात्र त्यापासून दूर सरकतो. म्हणजे नाक मुरडण्याच्या बाबतीत आपण रॅटच्या बाजूचे.

पण आपण वाचतो ते इतकंच : उंदीर आहेत. उंदीर त्याच डागातून काय काय वाचतो याची यादी लांब आहे. हा डाग नराचा की मादीचा, वयात आलेल्याचा की पोराचा, ओळखीच्याचा की परक्याचा, नात्यातल्याचा की बाहेरच्याचा, निरोगी की आजारी, मालकाचा की दबून राहणाऱ्याचा, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कधीचा. उंदराच्या मूत्राला शरीरानं टाकलेलं घाण पाणी समजण्यात आपली चूक होते. तो खर्च करून तयार केलेला दस्त आहे. आपल्याकडच्या वाचकाला तो सातबाऱ्यावरून चटकन कळेल : मालक कोण, वहिवाट कुणाची आणि शेवटची नोंद केव्हाची. फरक एवढाच की उंदराच्या दस्ताची नोंद रोज नव्यानं करावी लागते, नाहीतर जमीन जाते.

पुढं जाण्याआधी उंदीर कोणता, हे ठरवायला हवं, कारण मराठीत आपण चार-पाच वेगळे प्राणी या एका नावात कोंबतो. डब्यांमागं दिसणारा, दहा-वीस ग्रॅम वजनाचा तो घरउंदीर. माळ्यावर, कौलांखाली पळणारा लांब शेपटीचा तो काळा उंदीर. मोरीखाली आणि बांधात बिळं करणारी घूस. शेतात यांखेरीज निराळ्याच जाती. आणि जिच्या वासानं लोक हैराण होतात ती चिचुंद्री तर उंदीरच नव्हे. ती किडे खाणाऱ्या वेगळ्या गटातली, आणि तिचा वास कुशीतल्या ग्रंथींचा. आपल्या भागातल्या या मंडळींची एक जुनी, नीट नोंद वॉल्टर एलियट या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यानं केली. 'दक्षिण मराठा प्रदेशा'तल्या सस्तन प्राण्यांची त्याची यादी 1839 मध्ये मद्रासच्या एका नियतकालिकात छापून आली. एलियट धारवाडकडे नोकरीला होता आणि त्याचे खरे शिक्षक होते वडार लोक. शेतातल्या लहान घुशीबद्दल तो लिहितो की तिला हरळीची मुळं फार आवडतात. सुगीच्या दिवसांत वडार तिची बिळं खणून तिनं साठवलेलं धान्य काढतात, कधी एका बिळात अर्धा शेर दाणे निघतात, त्यात ज्वारीची अख्खी कणसंसुद्धा असतात. हरळी आणि ज्वारी ही नावं त्यानं इंग्रजी मजकुरात तशीच ठेवली आहेत. गोऱ्या साहेबांच्या प्राणिशास्त्रात माहिती पुरवणाऱ्या अशा माणसांचं श्रेय सहसा गाळलं जाई. एलियटनं निदान जमातीचं नाव तरी लिहून ठेवलं.

मूत्राच्या भाषेबद्दल आज जे कळलं आहे ते मात्र बहुतेक सगळं घरउंदराचं. तो प्रयोगशाळेत राहायला आला म्हणून.

ही भाषा आधी डोळ्यांना दिसली, आणि ती अगदी साध्या युक्तीनं. उंदराचं मूत्र अतिनील प्रकाशात चमकतं. टेक्सास विद्यापीठातल्या क्लॉड देजार्दँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 मध्ये पिंजऱ्याच्या तळाशी कागद अंथरला, त्यावर नर उंदीर रात्रभर सोडले आणि सकाळी तो कागद अतिनील दिव्याखाली धरला. ज्या नरानं आदल्या झटापटीत दुसऱ्याला नमवलं होतं त्याचा कागद या टोकापासून त्या टोकापर्यंत बारीक बारीक ठिपक्यांनी भरलेला. हरलेल्या नराच्या कागदावर कोपऱ्यांत दोन-चार थारोळी, बाकी कोरा. मूत्राशय दोघांचं सारखंच. एकानं ते थेंबाथेंबानं सगळीकडे वाटलं, दुसऱ्यानं गुपचूप एका बाजूला रिकामं केलं. उंदरांचा दर्जा ठरवायला आता झुंज पाहायची गरज उरली नाही, कागद पुरे. जुन्या, खूप उंदीर असलेल्या गोदामात तर दिव्याचीही गरज नसते. पुन्हा पुन्हा एकाच जागी मुतल्यानं मूत्र, धूळ आणि अंगाचा तेलकटपणा थरावर थर साचून बोटाच्या पेराएवढे कडक खुंट उभे राहतात. कीटकनाशकाचं काम करणारी जाणकार माणसं हे खुंट पाहून उंदीर नवे की मुरलेले हे सांगतात.

आता खर्चाकडे येऊ, कारण या प्रकरणाचा गाभा तिथं आहे.

माणसाच्या मूत्रात प्रथिन सापडलं की डॉक्टर गंभीर होतात. निरोगी माणसाच्या दिवसभराच्या लघवीत दीडशे मिलिग्रॅमपेक्षा कमी प्रथिन जातं; त्याहून जास्त गेलं तर मूत्रपिंडाची तपासणी सुरू होते. नर घरउंदराच्या मूत्रात दर मिलिलिटरला वीस-तीस मिलिग्रॅम प्रथिन असतं, आणि तो ठणठणीत असतो. हे प्रथिन गळतीनं गेलेलं नाही. ते यकृतात मुद्दाम तयार होतं, टेस्टोस्टेरॉनच्या हुकमानं नरात अधिक तयार होतं, रक्तातून मूत्रपिंडात येतं आणि तिथं अडवलं न जाता बाहेर पडतं. कण कण धान्यासाठी जीव धोक्यात घालणारा पंधरा ग्रॅमचा प्राणी आपल्या शरीरातलं सर्वांत महागडं द्रव्य भिंतीच्या कडेनं शिंपडत जातो. उत्क्रांती इतकी उधळपट्टी उगाच चालू देत नाही.

या प्रथिनांच्या कुटुंबाला शास्त्रज्ञ थोडक्यात 'मप' म्हणतात. उंदराच्या चौथ्या गुणसूत्रावर त्यांची वीसहून अधिक जनुकं रांगेनं बसलेली आहेत. माणसात त्यातलं एकच उरलं आहे आणि तेही मोडकं, काही न बनवणारं. या प्रथिनाची साखळी अशी वळलेली असते की मध्ये एक छोटी पोकळी राहते. पोकळीच्या भिंतींना पाणी नकोसं असतं, म्हणून पाण्यात न रमणारी उडती वासद्रव्यं तिथं जाऊन बसतात. नराच्या मूत्रातली अशी दोन द्रव्यं विशेष अभ्यासली गेली आहेत : थायाझोल आणि ब्रेव्हिकोमिन यांच्या कुळातली. ती मोकळी असती तर काही मिनिटांत उडून गेली असती. प्रथिनाच्या पोटात बसल्यामुळं ती सावकाश, तासन्‌तास सुटत राहतात. तेवढा वेळ डाग दुरूनही हाक मारतो. मग हाक बारीक होत जाते आणि शेवटी उरतं ते कोरडं प्रथिन. ते उडत नाही; ते दिवसेंदिवस जागेवर असतं, पण नाक टेकवल्याशिवाय त्याचा पत्ता लागत नाही.

म्हणजे एका थेंबात दोन वेगळ्या गतींनी चालणारे भाग आहेत. एक उडतो, एक राहतो. राहणारा भाग नाव सांगतो आणि उडणारा भाग किती उरला यावरून नोंद किती जुनी हे कळतं. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल विद्यापीठात जेन हर्स्ट आणि रॉबर्ट बेनन या जोडीनं याच गोष्टीचा कित्येक वर्षं पाठपुरावा केला. ती वर्तनाची अभ्यासक, तो प्रथिनांचा. त्यांची खरी करामत म्हणजे त्यांनी रानातून, शेतातून पकडलेल्या उंदरांच्या पिलावळीवर काम केलं. प्रयोगशाळेतले पांढरे-काळे उंदीर पिढ्यान्‌पिढ्या भावाबहिणींच्या संकरातून आलेले. त्यांच्यातल्या एका वाणाचे सगळे नर मूत्रात तीच ती प्रथिनं टाकतात. सगळ्या गावाच्या सातबाऱ्यावर एकच नाव असेल तर तलाठ्याला काय कळणार? पण मोकळ्या उंदरांत प्रत्येकाचा मप प्रथिनांचा संच निराळा, सख्ख्या भावंडांचाच काय तो जुळायची शक्यता. 2001 मध्ये या गटानं 'नेचर'मध्ये एक सुंदर प्रयोग छापला. नराला त्याचंच मूत्र परत हुंगायला दिलं. त्यानं लक्ष दिलं नाही. त्याच मूत्रात त्याचं नसलेलं एक मप प्रथिन मिसळलं. आता तो त्याभोवती आपल्या ठिपक्यांचा सडा घालू लागला. स्वतःच्याच दस्तावर परक्याची सही दिसल्यासारखा.

हा सडा घालण्याचा प्रकार फार कामाचा आहे. परका नर हद्दीत येऊन थेंब टाकून गेला तर मालकाला त्याच्या शेजारी ताजी नोंद करावीच लागते. न केली तर माद्यांना ते दिसतं. लिव्हरपूलच्याच प्रयोगांत माद्या अशा नराकडे झुकल्या ज्याच्या हद्दीत दुसऱ्याचा डाग नव्हता किंवा असला तरी त्यावर मालकाची नंतरची नोंद होती. इथं खोटेपणाला जागा उरत नाही. कमकुवत नर एखादा डाग टाकून पळेल, पण सगळी हद्द रोज फिरून ताजी ठेवणं हे ज्याचा खरोखर ताबा आहे त्यालाच जमतं. नोंद आणि ताबा यांत फरक पडायला वावच नाही. आपल्याकडच्या बांधाच्या भांडणांत कोर्टाला जे वर्षानुवर्षं ठरवता येत नाही ते उंदीण दोन मिनिटांत हुंगून ठरवते.

हुंगण्याचे तिच्याकडे दोन रस्ते आहेत. हवेतून आलेला वास नाकाच्या वरच्या अस्तरावर पडतो. तो रस्ता आपलाही आहे. दुसरा रस्ता नाकाच्या तळाशी, मधल्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना असलेल्या बारीक नळ्यांचा. त्यांचं सविस्तर वर्णन लुडविग जेकबसन या डॅनिश शल्यवैद्यानं 1813 मध्ये केलं म्हणून त्याला जेकबसनचं इंद्रिय म्हणतात. उंदीर डागाला नाक लावतो तेव्हा या नळीशेजारची रक्तवाहिनी फुगते-आकसते आणि मूत्राचा ओला अंश आत खेचला जातो. न उडणारी प्रथिनं वाचली जातात ती इथं, आणि इथली नस मेंदूच्या निराळ्या भागात जाते. रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांनी 1991 मध्ये वास ओळखणाऱ्या ग्राहकांची जनुकं शोधली, 2004 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्याच ॲक्सेलच्या प्रयोगशाळेत कॅथरिन द्युलाक यांनी 1995 मध्ये जेकबसनच्या इंद्रियाचे वेगळे ग्राहक शोधून काढले. पुढं 2002 मध्ये त्यांच्या गटानं हे इंद्रिय जनुकबदलानं बंद पाडलं. तेव्हा नर उंदीर घुसखोर नराशी भांडेनासे झाले, उलट नर-मादी न पाहता कुणावरही चढू लागले. शेतातली धामण सारखी जीभ बाहेर काढते तेही जमिनीवरचे, बहुधा उंदरांचेच, कण उचलून टाळूतल्या याच इंद्रियाकडे पोचवण्यासाठी. माणसात गर्भावस्थेत त्याचा मागमूस दिसतो, पुढं चालतं इंद्रिय म्हणून काही उरत नाही.

2010 मध्ये लिव्हरपूलच्या गटानं त्या प्रथिनांच्या घोळक्यातून एक वेगळं काढलं. ते बाकीच्यांसारखं प्रत्येक नरात निराळं नव्हतं, आणि मादीला नराकडे ओढण्याचं काम नेमकं ते करत होतं. जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधल्या मिस्टर डार्सीवरून त्यांनी त्याला 'डार्सिन' नाव दिलं. विज्ञानातली बहुतेक विनोदी नावं पाच वर्षांत शिळी होतात. हे टिकलं, कारण काम बरोबर तेच आहे. डार्सिन स्वतः उडत नाही. मादीनं एकदा त्याला नाक लावलं की त्याच थेंबातला त्या विशिष्ट नराचा उडता वास ती शिकते, आणि पुढं नुसत्या हवेतल्या वासावरही त्या नराकडे जाते. शिवाय ती जागाही लक्षात ठेवते. 2012 च्या प्रयोगात डाग काढून टाकल्यावरही माद्या सुमारे दोन आठवडे त्या रिकाम्या जागेकडे परत परत जात राहिल्या. मादीच्या मूत्राच्या डागानं असं काही झालं नाही.

या धाग्याचं एक टोक पुण्यात आहे. पाषाणच्या आयसर संस्थेत निक्सन अब्राहम यांची प्रयोगशाळा वास आणि मेंदू यांवर काम करते. मीनाक्षी परदासानी आणि सहकाऱ्यांसह त्यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रश्न असा होता : उंदीण जागा लक्षात ठेवते ती फक्त नाकानं का? त्यांनी नराच्या मूत्राचा वास वेगवेगळ्या आकाराच्या छिद्रांमधून येईल अशी मांडणी केली. वास हुंगताना मिशांना त्या छिद्रांचा आकार जाणवत असे. अशा सरावानंतर पंधरा दिवसांनी तपासलं तर माद्यांना नराच्या वासाची जागा आठवत होती. मिशांकडून येणारी जाणीव बंद केली तेव्हा मात्र ही स्मृती तयार झालीच नाही. आणि नराऐवजी मादीचं मूत्र ठेवलं तरीही नाही. म्हणजे तो डाग वाचताना उंदीण हुंगते आणि चाचपतेही. अंधाऱ्या गोदामात भिंतीलगत, पोत्यांच्या फटीतून जाणाऱ्या प्राण्याला हे सोयीचंच. मला या प्रयोगात आवडतं ते त्याचं साधेपण : मूत्र, छिद्रं आणि मिशा.

आतापर्यंत मूत्रानं वर्तन बदलत होतं. पण ते शरीरही बदलतं, आणि हा भाग ऐकून पहिल्यांदा कुणालाही अविश्वास वाटतो. नुसत्या माद्या गर्दीनं ठेवल्या तर त्यांचं ऋतुचक्र मंदावतं. तिथं नराचं मूत्र आणलं तर चक्र पुन्हा सुरू होतं, तेही पुष्कळ माद्यांचं एकाच वेळी. ऑस्ट्रेलियातल्या वेस्ली व्हिटन यांनी 1956 मध्ये हे दाखवलं. नराच्या मूत्राच्या सहवासात लहान माद्या लवकर वयात येतात. उलट, दाटीवाटीत राहणाऱ्या माद्यांच्या मूत्रानं त्या उशिरा वयात येतात. हे केवळ पिंजऱ्यातलं नाही : अमेरिकेत हमरस्त्यांच्या वळणांमध्ये सापडलेल्या गवताच्या बेटांवर राहणाऱ्या मोकळ्या उंदरांवर 1980 मध्ये असाच परिणाम नोंदवला गेला. संख्या फार वाढली तेव्हा तिथल्या माद्यांच्या मूत्रात पोरींचं वयात येणं लांबवणारा संदेश दिसू लागला.

सर्वांत विलक्षण शोध हिल्डा ब्रूस यांचा. लंडनच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत काम करताना त्यांच्या लक्षात आलं की नुकताच संबंध आलेल्या मादीला परक्या नराच्या, किंवा नुसत्या त्याच्या मूत्राच्या, सान्निध्यात ठेवलं तर तिचा गर्भ रुजतच नाही. काही दिवसांत ती पुन्हा माजावर येते. ज्या नराशी संबंध आला त्याचाच वास असेल तर असं होत नाही, कारण समागमाच्या वेळी तिनं त्याचा वास नोंदवून ठेवलेला असतो. हा निबंध 1959 चा. एकाच जातीच्या प्राण्यांत असे संदेश पोचवणाऱ्या द्रव्यांसाठीचा 'फेरोमोन' हा शब्दही त्याच वर्षी घडवला गेला. कारण काय असावं यावर बराच वाद झाला. परका नर पिलं मारून टाकतो, मग वाया जाणारी पिलं वाढवण्यापेक्षा लवकर थांबलेलं बरं, असा एक खुलासा सांगतात. तो पटण्याजोगा आहे. तरी पिंजऱ्यात मादीला पळून जायला जागा नसते, ही गोष्ट विसरू नये असं मला वाटतं. मोकळ्या निसर्गात असं काही घडतं याचा चांगला पुरावा मिळाला तो उंदरात नव्हे, इथिओपियातल्या गेलाडा माकडांत, आणि तो 2012 मध्ये. टोळीचा नर बदलला की गाभण माद्यांपैकी बहुतेकींचे गर्भ पडतात, असं तिथं दिसलं.

इतकी उघडी नोंद असली की ती नको तेही वाचतात. 1995 मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी म्हटलं की केस्ट्रेल हा छोटा ससाणा रानउंदरांच्या मूत्राचे माग अतिनील दृष्टीनं वरून पाहतो. ही गोष्ट इतकी देखणी होती की पुस्तकापुस्तकांतून पसरली. 2013 मध्ये स्वीडनमधल्या मोजणीत ती टिकली नाही : ते मूत्र गवताहून फारसं वेगळं दिसत नाही आणि त्या पक्ष्याच्या डोळ्यात अतिनील प्रकाश पुरेसा पोचतही नाही. मराठी सदरांत ती अजून भेटते.

उंदीरही शत्रूचं वाचतो. मांजरापासून वाघापर्यंत मांसाहारी प्राण्यांच्या मूत्रात फिनाइलइथाइलअमाइन नावाचं द्रव्य जास्त असतं. उंदरांच्या नाकात त्यासाठी खास ग्राहक आहे आणि ज्यांनी आयुष्यात मांजर पाहिलं नाही तेही त्यापासून लांब राहतात. टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी मात्र हीच भीती पुसतो. त्याला आपलं जीवनचक्र मांजराच्या आतड्यातच पुरं करता येतं, आणि त्याची लागण झालेल्या रॅटना मांजराच्या मूत्राचं भय उरत नाही; ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2000 मध्ये हे दाखवलं.

वाघाचं निघालंच आहे तर कोल्हापूरला लागून असलेल्या एका गोष्टीकडे वळतो. चांदोलीचं रान 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. वाघही झाडावर मूत्राची फवारणी करून हद्द आखतो. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतले रतनलाल ब्रह्मचारी यांनी ओडिशात वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी पाळलेल्या खैरी वाघिणीपासून सुरुवात करून या फवाऱ्याचा आयुष्यभर अभ्यास केला. त्याला सुवासिक भात शिजल्याचा वास येतो हे त्यांनी ओळखलं आणि पुढं द्रव्यही सापडलं : 2-ॲसिटिल-1-पायरोलिन. बासमतीच्या वासाचा मुख्य घटक हाच, आंबेमोहोराचाही हाच. चांदोलीच्या दक्षिणेला आजऱ्यात घनसाळ शिजत असतो तेव्हा घरात काय दरवळतं हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना वाघाची हद्द नाकानं ओळखायला जड जाऊ नये. आणि हा वासही लगेच उडून जाऊ नये म्हणून वाघानं स्वतःची सोय केली आहे. त्याच्या फवाऱ्यात स्निग्ध द्रव्य असतं, ते वासाला धरून ठेवतं. उंदरानं प्रथिन वापरलं, वाघानं चरबी. अडचण एकच होती, लिहिलेलं टिकवायचं कसं.

आपल्या घराशी या दस्ताचा संबंध येतो तो मुख्यतः आजारातून. लेप्टोस्पायरा हे जिवाणू उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात सुखानं राहतात, त्यांना काही होत नाही, आणि मूत्रावाटे ते ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात उतरतात. 2019 च्या ऑगस्टसारखं पंचगंगेचं पाणी पेठांत शिरलं की बिळं बुडतात आणि ते सगळं एकत्र होतं. पायाला भेग किंवा जखम असली की जिवाणूला आत यायला तेवढं पुरतं. पूर ओसरल्यावर चिखल काढायला गमबूट घाला असं सांगतात ते यासाठी. मप प्रथिनांचाही आपल्याला थेट त्रास आहे. ती सुकून धुळीत मिसळतात, आणि उंदरांच्या ॲलर्जीचं मुख्य कारण हेच प्रथिन आहे. प्रयोगशाळेत उंदीर सांभाळणाऱ्यांना त्यानं दमा जडतो. म्हणून गोदामातली उंदरांची घाण कोरड्या झाडूनं उडवू नये, पाणी-जंतुनाशकानं भिजवून मग पुसावी. पुसल्यावर दुसऱ्या दिवशी तिथंच ताजे डाग दिसले तर नवल करू नये. नोंद खोडलेली आहे, ती पुन्हा करणं मालकाला भाग आहे.

ऊसपट्ट्यात आणखी एक समजूत पक्की आहे : एक उंदीर औषध खाऊन मेला की तो बाकीच्यांना सांगून जातो, मग कुणी आमिषाला तोंड लावत नाही. उंदीर एकमेकांना खाण्याबद्दल सांगतात हे खरं आहे, फक्त ते मूत्रानं नव्हे, श्वासानं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात बेनेट गॅलेफ यांनी वर्षानुवर्षं रॅटवर हेच तपासलं. सोबत्याच्या तोंडाला जो वास येतो ते अन्न रॅट बिनधास्त खातो. श्वासातला कार्बन डायसल्फाइड वायू ही त्याची खूण. पण सोबती ते खाऊन आजारी पडला असला तरी बघणारा त्यातून 'हे खाऊ नको' असं शिकत नाही. आमिष टाळलं जातं ते झिंक फॉस्फाइड कमी खाऊन वाचलेल्या उंदराच्या स्वतःच्या अनुभवामुळं, कारण ते औषध चटकन गुण दाखवतं आणि वासाची सांगड पक्की बसते. आधी दोन-तीन दिवस नुसतं साधं आमिष ठेवा, मग औषधाचं, असा कृषी खात्याचा सल्ला असतो तो याच कारणानं. ब्रोमॅडिओलोनसारखी औषधं काही दिवसांनी मारतात, म्हणून तिथं ही अडचण येत नाही.

हे सगळं कळवणारे प्रयोग करणाऱ्या माणसांचाही वास पिंजऱ्यात पोचत असतो. मॅकगिल विद्यापीठातल्या जेफ्री मोगिल यांच्या गटानं 2014 मध्ये दाखवलं की खोलीत पुरुष असला, किंवा त्यानं रात्रभर घातलेला टी-शर्ट नुसता ठेवला, तरी उंदरांचा ताण वाढतो आणि त्यांना वेदना कमी जाणवल्यासारखं दिसतं. बाईच्या टी-शर्टनं तसं होत नाही. परिणाम काही वेळानं ओसरतो, पण तोवर घेतलेलं माप चुकलेलं असतं. वेदनाशामक औषधांची कित्येक मापं अशाच खोल्यांत घेतलेली आहेत. मोगिल यांच्या गटानं सुचवलं की निबंधात इतर तपशिलांबरोबर प्रयोग करणारा पुरुष होता की स्त्री हेही लिहीत जावं.